अग्निनक्षत्रातली पंगत

मे लागला की माझा फोन वाजायला लागतो. बार्शीहून, नांदेडहून, कधी धुळ्याहून. माणसं बदलतात, वाक्य तेच. "काका, परीक्षा संपली ना? मग तेवढं गाडीत बसवून द्या." जणू मी पार्सल ऑफिसात बसलोय.

माझी सारी नोकरी चेन्नईत गेली. गिअर बनवणाऱ्या कारखान्यात होतो, निवृत्त झालो, आता वेलचेरीत चौथ्या मजल्यावर राहतो. महाराष्ट्रातली मुलं इकडे शिकायला येऊ लागली तशी आपल्या लोकांत एक रीत पडली. प्रवेश नक्की झाला की हॉस्टेलच्याही आधी 'तिथे आपलं कोण आहे' हे शोधायचं. साडूच्या मावसभावाच्या ओळखीतून कुणीतरी माझ्यापर्यंत पोचतं आणि मी लोकल गार्डियन होतो. मुलगा तापाने फणफणला तर मी, मुलीला दोन दिवस बाहेर जायचं तर होकार माझा, आणि सुट्टी लागली की स्टेशनवर निरोप द्यायलाही मीच.

यंदा मी स्टेशनवर जाणार नाही. का ते या अंकात लिहून ठेवतो, कारण इथल्या आपल्या मराठी मंडळातल्या बहुतेकांना गेल्या उन्हाळ्याची हकीकत माहीत आहे, आणि चुकीची माहीत आहे.

बाहेर कत्तिरी चालू झाली आहे. अग्निनक्षत्राचे हे दिवस. तमिळ माणूस त्यांचं नाव घेताना आवाज थोडा खाली आणतो, घरातल्या तापट वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसा. सकाळी आठलाच गच्चीवर पाय ठेववत नाही. नळाचं गार पाणी गरम येतं आणि गरम पाण्याचा नळ कुणी उघडतच नाही. रस्त्याच्या कडेला ताकाचे मांडव लागलेत, मातीच्या रांजणावर ओलं फडकं, ताकात आलं, कढीलिंब आणि हिंगाचा वास. ताडगोळेवाला सायकल आंब्याच्या सावलीत लावून डुलक्या काढतो. उंचावरून जाणाऱ्या लोकलचे डबे दुपारी रिकामे धावतात. आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, भिंतीवर अजून पुसली न गेलेली पुराची रेघ आहे, तिच्याकडे या दिवसांत बघितलं की खरं वाटत नाही की इथे कधी एवढं पाणी होतं.

याच दिवसांत, गेल्या वर्षी, आमच्या गच्चीवर एक मुलगी काळी छत्री धरून कावळे हाकत बसायची. वडाम वाळत असायचे. आपल्या कुरडयांचा तमिळ भाऊ. जुन्या धोतरावर पांढऱ्या ओळी, वर मिठाचा आणि तांदळाच्या पिठाचा कोमट वास. माझी बायको रुक्मिणी जिन्यातून ओरडायची, "पोरी, ऊन अस्की डोक्यावर घेऊलालीस! खाली ये, कॉफी होऊलाली." रुक्मिणीची मराठी तंजावरची, अस्की म्हणजे सगळं. तिच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्र सोडला आणि भाषा मात्र बरोबर आणली, वाटेत भेटेल ते तमिळ त्यात घालत. लग्नानंतर पहिलं वर्षभर तिचं अर्धंच मला कळायचं. त्या मुलीला पहिल्या आठवड्यात सगळं कळायला लागलं.

मुलगी म्हणजे केतकी. बार्शीची. वडील सुधाकरराव, बियाणं आणि औषधांचं दुकान. ती इथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

मंडळात सांगितली जाणारी गोष्ट अशी: केतकीने घरी सांगितलं की कॉलेजचं सक्तीचं प्रोजेक्ट आहे, म्हणून सुट्टीत यायला जमणार नाही. आमच्या घरी राहिली. आम्हालाही तेच सांगितलं. प्रत्यक्षात बाईसाहेब लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी म्हणून जात होत्या. मग बार्शीच्याच माणसाने तिला पकडलं. आणि हे बिचारे दोन म्हातारे, यांना काही पत्ताच नाही.

तो बिचारा म्हातारा मी. पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात एका नव्या जोडप्याशी माझी ओळख अशीच करून दिली गेली. "हेच ते, त्या मुलीने फसवलेले." मी हसलो आणि श्रीखंड खाल्लं. ते श्रीखंड अजून उतरलेलं नाही.

आता खरं.

परीक्षा संपली त्या दिवशी दुपारी केतकी आमच्याकडे आली. हॉस्टेल बंद होणार होतं. रुक्मिणीने तिच्यापुढे कैऱ्यांची परात सरकवली आणि विळी दिली. फोडी करता करता ती म्हणाली, "मामा, मला घरी नाही जायचं."

इथे आजूबाजूचे सगळे रुक्मिणीला मामी म्हणतात, त्यामुळे मी ओघानेच मामा.

"भांडण झालं का?"

"नाही."

"कुणी काही बोललं? लग्नाचं काढलंय?"

"अहो नाही. घरी सगळे चांगले आहेत. आई आंबे पिकत घालून बसलीय. नुसतं नाही जायचं."

"मग इथे काय करणार?"

तिने कैरीची कोय काढून बाजूला ठेवली. "माहीत नाही."

मला ते 'माहीत नाही' फार आवडलं. का, ते सांगतो.

हल्ली सुट्टी कुणाला नुसती मिळत नाही. सुट्टी लागायच्या आधी मुलांना विचारतात, इंटर्नशिप कुठे? कोर्स कुठला? सर्टिफिकेट मिळणार का? नाही? मग घरी ये. म्हणजे घराबाहेर राहायचं तर काहीतरी कमावून दाखवायचं, नाहीतर घर. माझ्या मुलाची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी मी अशीच भरून टाकली होती. एका वर्षी गणित, एका वर्षी संगणक, एका वर्षी जर्मन. आज तो बंगळुरूला मोठ्या पगारावर आहे आणि रविवारी सकाळी त्याला काय करावं कळत नाही. मला फोन करून विचारतो, "बाबा, तुम्ही काय करताय?" मी म्हणतो, बसलोय. तो म्हणतो, नुसते?

मी स्वतः तर कधी घराबाहेर सुट्टी काढलीच नाही. कराडहून इथे नोकरीला आलो तेव्हा तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहायचो. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांची खोल्याखोल्यांची लॉज, नाव मोठं आणि खाटा ढेकणांच्या. मे आला की साठवलेली सगळी रजा घेऊन मी कराडला पळायचो. माझ्या शेजारच्या खोलीत मदुराईकडची कॉलेजची मुलं असायची. ती सुट्टीत घरी जायची नाहीत. दुपारभर दार उघडं टाकून पत्ते खेळायची, संध्याकाळी मरीनावर जायची, खारे दाणे आणि ओल्या विजारी घेऊन परत यायची. मी त्यांना वाया गेलेली समजायचो. हे शहर मला कळायला पुढे फार वर्षं गेली, आणि त्यांना एका उन्हाळ्यात कळलं होतं, हे मला म्हातारपणी लक्षात आलं.

तर केतकी 'माहीत नाही' म्हणाली आणि तेवढ्यात सुधाकररावांचा फोन आला. मंगळवारचं तिकीट काढलंय, बसवून द्या. मी म्हणालो, ती राहू म्हणतेय. ते म्हणाले, "तिथं काय करणार ती?"

एका बापाला मी 'माहीत नाही' असं सांगू शकलो नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "कॉलेजचं प्रोजेक्ट आहे. सक्तीचं आहे म्हणे."

विळीवरचा हात थांबला.

मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "कशाला सांगितलंत असं?"

"ते हो म्हणाले नसते."

"मग नाही म्हणाले असते. मी भांडले असते. माझं मी बघितलं असतं ना, मामा." आणि पुन्हा कैरी चिरायला लागली, जरा जोरातच.

प्रोजेक्ट हा शब्द माझा. तिचा नाही. हे मला सगळ्यात आधी नोंदवायचं आहे. त्यापुढे सबंध सुट्टीत वडील फोनवर विचारायचे, कसं चाललंय, आणि ती सांगायची, बरी आहे, जेवतेय, ऊन फार आहे. प्रोजेक्टचं नाव तिने एकदाही काढलं नाही. मी शेजारी बसून ऐकत होतो.

वाढपीपण सुरू झालं ते रुक्मिणीच्या चुलतभावामुळे. वेंकटराव. आम्ही वेंकू म्हणतो. लग्नांच्या जेवणाचं काँट्रॅक्ट घेतो. वैकासी महिना म्हणजे इकडे लग्नांची झुंबड, आणि हॉल अड्यारचा असो की तिरुवल्लिकेणीचा, पानं मांडायला आणि वाढायला कॉलेजची मुलं येतात. सुट्टीतला तो इथला नेहमीचा उद्योग आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. एके दिवशी वेंकू आमच्याकडे येऊन डोकं धरून बसला होता.

"अक्का, उद्या मुहूर्त, आणि पोरं येऊलाली नाहींत. एकाला ताप, एकाला प्रेम. काय करूं मी? मीच वाढूं, मीच खाऊं?"

केतकी कॉफीचा पेला घेऊन आत येत होती. "मी येऊ?"

वेंकूने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला तमिळ येते?"

"पोदुम येतं."

पोदुम म्हणजे पुरे. तेवढा एकच शब्द येतो असं तिला म्हणायचं होतं. वेंकू एवढा हसला की कॉफी बशीत आली.

आणि त्याच शब्दावर ती पहिल्या दिवशी आपटली. केळीचं पान इथे काही आपल्यासारखं, काही वेगळं मांडतात. आधी कोपऱ्यात चमचाभर पायसम, वर ओळीने भाज्या, मग भात, त्यावर वरण आणि तूप. हे तिने पटकन उचललं. पण जांगिरीची, म्हणजे आपल्या इमरतीची, परात हातात आली आणि बार्शी जागी झाली. पंगतीत एक निवृत्त हेडमास्तर बसले होते. त्यांनी पानावर हात आडवा धरून म्हटलं, "पोदुम." आता आपल्याकडे पानावर आडवा हात म्हणजे काय? म्हणजे आग्रहाला सुरुवात. नाही म्हणणारा नाही म्हणतो, वाढणारा वाढतो, शेवटी दोघांची हौस भागते. इकडे पोदुम म्हणजे पोदुम. केतकीने क्षणभरही न थांबता हेडमास्तरांच्या हाताच्या पाठीवर जांगिरी ठेवली.

वेंकू सांगतो, अख्खी ओळ गप्प झाली. नादस्वरम तेवढं चालू. हेडमास्तरांनी हाताकडे पाहिलं, केशरी पाक मनगटाकडे उतरत होता, मग त्या मुलीकडे पाहिलं. आणि सरळ हात तोंडाशी नेऊन जांगिरी खाल्ली. ओळ हसायला लागली. दुसऱ्या लग्नात मुलाकडचे विचारायला लागले, ती हिंदी पोरगी कुठे आहे? वेंकूने समजावून पाहिलं की ती हिंदी नाही, मराठी आहे, मग नाद सोडला. व्याह्यांच्या ओळीला गोड वाढायला तिलाच पाठवायला लागला.

हा आग्रह तिच्याकडे कुठून आला? तिनेच सांगितलं. सुधाकरराव म्हणे गल्लीतल्या कुठल्याही लग्नात धोतर खोचून जिलबीची टोपली घेतात. बार्शीत त्यांच्या हातून सुटलेलं पान नाही. लहानपणी ती त्यांच्या मागे मागे मिठाची वाटी घेऊन फिरायची.

त्या उन्हाळ्यात ती दुपारी घामाने चिंब होऊन परत यायची. अंगाला केळीच्या पानाचा हिरवा वास, वेणीत कुणीतरी माळलेला मोगरा, पायांवर सांडलेलं सांबार. आल्या आल्या लादीवर आडवी व्हायची आणि छताकडे बघून दिवसभर ऐकलेले तमिळ शब्द म्हणायची. रुक्मिणी बदली शब्द द्यायची, अर्धे तमिळ, अर्धे तिच्या आजीचे. कधी ती कामच नसलेल्या दिवशी बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच बसने परत यायची. "काय पाहिलंस?" "काही नाही. एक बाई भांडत होती, मला सगळं कळलं." केवढा आनंद झाला होता तिला त्या भांडणाचा! समुद्रात गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभी राहायची. बार्शीत टँकरच्या पाण्यावर वाढलेली मुलगी, तिला एवढं पाणी फुकट आहे याचंच अप्रूप.

मला विचाराल, घराबाहेर असलेल्या मुलाने सुट्टी कशी घालवावी, तर मी हेच सांगेन. जिथे तो कुणाचा मुलगा म्हणून ओळखला जात नाही तिथे काही दिवस राहावं. हाताला काम असावं, ते कुठल्या कागदावर चढणारं नसलं तरी चालेल. दुसऱ्यांच्या भाषेत चुकावं, लोकांनी हसावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. घराची आठवण आपली आपल्याला येऊ द्यावी, ती फोनवरून कुणी पाठवायची गोष्ट नाही. केतकीला ती यायची. कैरीच्या वासाने यायची. मग ती आपण होऊन आईला फोन लावायची आणि तासभर बोलायची. हॉस्टेलमध्ये असताना घरच्यांचे फोन टाळणारी हीच मुलगी.

मग अड्यारच्या एका हॉलमध्ये ते लग्न झालं. मुलगा बार्शीचा, इथे आयटीत. मुलगी इथली. वऱ्हाड बार्शीहून रेल्वेने आलेलं, उन्हाने सुकलेलं, फेटे हातात घेऊन पंख्याखाली जागा शोधणारं. वेंकूला वाटलं, मराठी पाहुणे, मराठी मुलगी, उत्तम जमेल. केतकी परात घेऊन ओळीतून निघाली. एक गृहस्थ 'पुरे, पुरे' म्हणाले.

"एकाने काय होतंय, काका," ती म्हणाली. अगदी बापाच्या सुरात.

गृहस्थांनी मान वर केली. दुकानाशेजारचे बोराडे. ते नंतर सगळ्या बार्शीत सांगत सुटले की सुधाकरची पोरगी मद्रासला परक्यांच्या लग्नात वाढपी म्हणून राबते. त्यांनी हे सांगितलं नाही की तिला ओळखल्यावरसुद्धा त्यांनी आणखी दोन जांगिऱ्या मागून घेतल्या. वेंकू शपथेवर सांगतो.

संध्याकाळी सुधाकररावांचा फोन आला. केतकीने स्पीकर लावला आणि मोबाईल टेबलावर ठेवला. "प्रोजेक्ट म्हणे! माझ्या घरातली मुलगी पैसे घेऊन लोकांची पानं वाढते? तोंड वर करून खोटं बोललीस? काकांना माहीत होतं हे?"

मी पुढे झालो. केतकीने हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाली, "मामांना काही माहीत नव्हतं. मीच सांगितलं सगळं."

या सगळ्या प्रकरणात ती मुलगी एवढं एकच खोटं बोलली, आणि ते मला वाचवायला.

फोन झाल्यावर मी म्हणालो, मी सांगतो त्यांना. ती म्हणाली, "नको. तुमचं नाव गेलं की माझं कॉलेज जाईल. बाबा म्हणतील तिथे आपलं कुणी नाही, परत चल. एक सुट्टी गेली तर जाऊ दे." दोन दिवसांत ती बार्शीला गेली. मी तिला गाडीत बसवून दिलं. नेहमीसारखं.

तिचं म्हणणं बरोबर होतं, असं मी स्वतःला वर्षभर सांगितलं. रुक्मिणी फक्त एकदा वडाम तळताना म्हणाली, "तुम्हीं बरे बसूलालांत." तुम्ही बरे बसून आहात. तेवढंच. तळलेला वडाम माझ्या पानात ठेवला आणि आत गेली. एकदा वाटलं होतं की मुलीचं कॉलेज सांभाळायला मी गप्प आहे. पण खरं सांगायचं तर फसवला गेलेला सज्जन म्हातारा ही भूमिका मला सोयीची होती. लोक चहा देतात, सहानुभूती देतात, आणि पुढच्या वर्षी आणखी दोन मुलांचे पालक फोन करतात.

यंदा एप्रिलच्या शेवटी सुधाकररावांचा फोन आला. "काका, यंदाही बसवून द्या. ती काय सांगेल त्यावर जाऊ नका. खोटं बोलायची सवय आहे तिला."

सवय. त्या शब्दावर माझ्या कानात जे गरम झालं ते कत्तिरीचं नव्हतं.

पण या वेळी मी परस्पर काही बोललो नाही. तेवढं शिकलो होतो. केतकीला घरी बोलावलं आणि विचारलं, सांगू का? तुझं कॉलेज अजून वर्षभर आहे.

तिने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "सांगा. तेव्हा मी नको म्हणाले, ते भीतीने म्हणाले. आता मला यंदाची सुट्टी इथेच हवीय, आणि ती खरं सांगून हवीय. मीच आधी बोलते."

तिने आधी फोन लावला. मी राहणार आहे, वेंकूमामांकडे वाढायला जाणार आहे, कुठलंही प्रोजेक्ट नाही. पलीकडे आरडाओरडा. मग तिने फोन माझ्याकडे दिला.

"सुधाकरराव," मी म्हणालो, "प्रोजेक्ट आहे असं तुम्हाला कोण म्हणालं होतं, आठवा. तिचा आवाज आठवतो का? तो फोन मी उचलला होता. शब्द माझा होता."

पलीकडे दुकानात कुणीतरी फवारणीचं औषध मागत होतं, ते ऐकू आलं.

"म्हणजे ती खोटं बोलली नव्हती?"

"एकदा बोलली. मामांना काही माहीत नव्हतं म्हणाली, ते. बाकी एकदाही नाही."

"आणि एवढं सांगायला तुम्ही वर्ष लावलंत?"

"लावलं. त्याबद्दल तुमची आणि तिची माफी मागतो. पण ती इथे राहिली, लोकांची पानं वाढली, त्याबद्दल मागणार नाही. तुम्ही आयुष्यभर बार्शीत तेच केलंत. तिने ते तुमच्याकडूनच उचललं. फरक एवढाच की तिला त्याचा मोबदला मिळाला."

त्यांनी फोन ठेवला. माझ्या त्या शेवटच्या वाक्याने सगळं बिघडलं असं मला वाटलं. रुक्मिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "शरि, आधी बोलायचंत." शरि म्हणजे ठीक आहे.

तीन दिवसांनी केतकी आली. खांद्याला पिशवी नव्हती. दारातच उभी राहून म्हणाली, "बाबांनी तिकीट रद्द केलं. राहा म्हणाले. पण एक अट आहे." आणि मग तिला हसू आवरेना, डोळ्यांत पाणीही होतं. "म्हणाले, त्या म्हाताऱ्याच्या घरी मात्र राहायचं नाही."

अड्यारला मुलींच्या हॉस्टेलमध्ये तिने खाट घेतली आहे. लोकल गार्डियन म्हणून माझ्या जागी आता वेंकूचं नाव आहे, म्हणजे सुधाकररावांनी शेवटी वाढप्यांच्या मुकादमाला पालक केलं. मला हे फार आवडलं. गच्चीवर यंदा कावळे मीच हाकतो. काळी छत्री तीच.

ज्यांनी ज्यांनी यंदा फोन केला त्यांना मी सांगितलं आहे: मुलाला विचारतो. तो म्हणाला येतो, तर डबा बांधून देऊ, खुशाल जावं, घरच्या आंब्यांशी माझं वैर नाही. तो म्हणाला नाही, तर त्याचं तोच तुम्हाला सांगेल, मी मध्ये तोंड घालणार नाही. स्टेशनवर माझी वाट बघू नका. तिघांनी यावर माझ्याशी बोलणं सोडलं आहे. सोडू द्या. आणि मंडळात यापुढे कुणी मला फसवला गेलेला म्हणून ओळख करून दिली, तर मी तिथेच हा लेख वाचून दाखवीन. केतकीला विचारलं होतं, तुझं नाव बदलू का? ती म्हणाली, बदलायचं कशाला, मी काय केलंय?

गेल्या रविवारी वेंकूने आम्हाला एका लग्नाला ओढून नेलं. दुपारची पंगत. बाहेर डांबर वितळत होतं, आत गुलाबपाण्याचा शिडकावा आणि पंख्यांची घरघर. माझ्या पानावर पायसम पडलं, भाज्या आल्या, भात आला. मग ओळीच्या टोकाला ती दिसली. ओढणी कमरेला खोचलेली, हातात परात. मला साखरेचा त्रास आहे, हे तिला ठाऊक आहे. रुक्मिणीलाही ठाऊक आहे आणि ती शेजारी बसून माझ्या पानावर लक्ष ठेवून होती. मी पानावर हात आडवा धरला.

"पोदुम," मी म्हणालो.

"मी विचारत नाहीये, मामा."

आणि तिने माझ्या हाताच्या पाठीवर जांगिरी ठेवली, आणि पुढच्या पानाकडे गेली.